पक्षी आधी पडतात : जनपदोध्वंस आणि आपला खानदेश

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. त्यावर परीक्षेत टीपा लिहिल्या आहेत आणि बहुतेकांनी तो तेथेच ठेवून दिला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस, पांचालांच्या राजधानीत, कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या तीरी फिरताना पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला येऊ घातलेल्या उध्वंसाची जाणीव देतात. अग्निवेशाची शंका अत्यंत रास्त आहे. माणसांची प्रकृती निराळी, आहार निराळा, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय निराळे; मग एकाच व्याधीने एकाच वेळी सगळा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? त्यावर वायू, उदक, देश आणि काल या चार सामान्य भावांच्या विकृतीचे उत्तर येते. हा भाग आपणांस पाठ असतो. आमच्या मते त्या अध्यायातील सर्वांत उपयोगी मजकूर त्याच्या पुढे, विकृत भावांच्या लक्षणांत आहे, आणि नेमका तोच आपण घाईने ओलांडतो.

विकृत जलाचे एक लक्षण म्हणून आचार्य सांगतात की, जलचर पक्षी ते पाणी सोडून गेलेले असतात. विकृत देशाच्या लक्षणांत भ्रमिष्ट आणि व्यथित झालेले पशुपक्ष्यांचे कळप येतात, कुत्र्यांचे आणि पक्ष्यांचे आक्रंदन येते. म्हणजे माणूस आजारी पडण्यापूर्वी वैद्याने कोठे पाहावे, याचे दिग्दर्शन तेथे केलेले आहे. चरकाचार्यांना विषाणू ठाऊक होता, असे आम्ही म्हणणार नाही. असे दावे करून आपण शास्त्राचा मान वाढवीत नाही. मात्र निरीक्षणाची जी दिशा त्यांनी दाखविली, ती बिनचूक होती, हे आपल्याच जिल्ह्यांत घडलेल्या घटनांवरून दाखविता येते.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिल्या बर्ड फ्लूची घोषणा झाली, ती नवापूरची. नवापूर तालुका १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता; नंतर तो नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. येथील रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. प्रवासी याकडे गंमत म्हणून पाहतात, परंतु साथीच्या दृष्टीने ही गंमत नव्हे. लगतच्या गुजरातेतील उच्छल तालुकाही लवकरच बाधित ठरला. नवापूरच्या परिसरात लेअर कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड उभ्या होत्या. मरतुक घोषणेपूर्वीच सुरू झालेली होती, आणि ती प्रथम राणीखेत म्हणजे मानमोडीची समजली गेली. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केल्यावर चित्र पालटले. बाधित केंद्रापासून तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व पक्षी मारण्यात आले, खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरण्यात आले आणि त्याबाहेर दहा किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात लसीकरण झाले. घरोघर ताप तपासणारी पथके फिरली. संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.

नवापूरचे नाव सर्वांच्या लक्षात राहिले. त्यानंतर महिन्याभरात आपल्या जळगाव जिल्ह्यात जे घडले, ते मात्र आपणही विसरत चाललो आहोत. मार्च २००६ मध्ये मारूळ, हातेड, साळवा आणि सावदा येथील कोंबड्यांत तोच विषाणू आढळला. पुढे त्याच महिन्यात सीमेपलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूर येथेही तो निघाला. तीन राज्यांतील या साथीत मिळून दहा लाखांच्या आसपास पक्षी नष्ट करावे लागले. ऑगस्ट २००६ मध्ये देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

नवापूर आणि जळगाव यांतील भेदाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नवापुरात पक्षी शेडमध्ये होते. तेथे मालक होता, रोज किती अंडी निघाली आणि किती पक्षी मेले याची वही होती, खाद्याचा व्यापारी होता, पशुवैद्यकाची ये-जा होती. जळगाव जिल्ह्यातील गावांत मेल्या त्या परसातील कोंबड्या. डालग्याखाली झाकलेल्या, दिवसा उकिरड्यावर चरणाऱ्या, पाहुणा आला की कापल्या जाणाऱ्या. त्यांची वही कोणी ठेवीत नाही. चार कोंबड्या मेल्या तर घरची बाई हळहळते, कोणी तरी मानमोडी आली म्हणते आणि मेलेला पक्षी नाल्यात किंवा बांधावर फेकला जातो. कोंबडी नुसती मलूल दिसली, तर ती मरण्याआधी कापून खाणे किंवा आठवडे बाजारात स्वस्तात काढून टाकणे, ही गरिबाची हिशेबी रीत आहे. तिला अज्ञान म्हणून हिणविणे सोपे आहे, परंतु तिच्यामागील पोटाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

असे असताना परसातील मरतुकीची वार्ता सर्वांत आधी कोणाच्या कानी पडते? पशुवैद्यकीय दवाखाना दहा-बारा कोस दूर. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा. परंतु यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील गावोगावी आपला कोणी तरी वैद्यबंधू दवाखाना थाटून बसलेला असतो, आणि बाजारपेठेच्या गावी आपले औषधी दुकान असते. ताप घेऊन येणारी बाई नाडी दाखविता दाखविता कोंबड्या मेल्याचे सांगते. ती ते दुःख म्हणून सांगते. आपण ते रोगेतिहास म्हणून ऐकावयास हवे. या लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

मानमोडी हा शब्द

मानमोडी या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. कोंबडीच्या राणीखेत रोगात मान वाकडी होते, म्हणून हे नाव. परंतु १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महासाथीलाही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून मानमोडी असेच म्हणत. त्या साथीने हिंदुस्थानात कोट्यवधी माणसे नेली, आणि मुंबई इलाखा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. तो विषाणू मूळचा पक्ष्यांकडील इन्फ्लुएंझा विषाणूंच्या कुळातील होता, हे जनुकीय अभ्यासाने पुढे दिसून आले. गावकऱ्यांनी पक्ष्याच्या आणि माणसाच्या रोगाला एकच नाव दिले, तेव्हा त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. राणीखेतचा विषाणूही निराळाच आहे. तरी योगायोग विचार करावयास लावणारा आहे खरा.

आपल्या टीकाकारांनीही ज्वराचा विचार माणसापुरता ठेवलेला नाही. सर्व प्राण्यांना ज्वर होतो, त्याची नावे तेवढी निराळी, असे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सूचित केले आहे. मधुकोशात तर ती नावे उद्धृत केलेली आहेत : हत्तींचा तो पाकल, घोड्यांचा अभिताप, गायींचा ईश्वर, पक्ष्यांचा अभिघात. माणसाचा तेवढा ज्वर. एकच व्याधी योनीयोनींतून निरनिराळ्या नावांनी वावरते, ही कल्पना आज 'एक आरोग्य' या नावाने पुन्हा मांडली जात आहे. तिचे श्रेय घेण्यासाठी भांडण्यापेक्षा ती आचरणात आणणे आपल्या हाती आहे.

उंदीर, माकड, वाघ

पक्षीच आधी पडतात असे नाही. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. खानदेशही त्यातून सुटला नाही. त्या काळी घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. कोणत्याही सरकारी पत्रकाची वाट ते पाहत नसत. उंदीर पडणे हीच त्यांची दवंडी होती. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा उपद्रव आणि उंदरांची मरतुक हीच पहिली खूण होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांचा प्लेग आला, तेव्हा तेथे पोट भरण्यासाठी गेलेले खानदेशी कुटुंबेच्या कुटुंबे ताप्ती रेल्वेने आणि मिळेल त्या वाहनाने नंदुरबार, धुळे, अमळनेर, जळगावकडे परतली. औषधी दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. सुरतेत कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली होती. वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्याने साथीत दवाखाना बंद करणे, हा त्या साथीतील सर्वांत लाजिरवाणा भाग, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोकणात माकडे पडतात. क्यासनूर जंगलातील ज्वर १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. तेथून तो दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे सरकत २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला. जंगलात वानर व माकडे मरतात, त्यांच्या अंगावरील गोचिडी खाली पडतात आणि काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्यांना चावतात. तिकडील लोक याला सरळ माकडताप म्हणतात. मेलेले माकड दिसले की आरोग्य खात्याला कळवावयाचे, हे आता तेथील शेतकऱ्याला पाठ आहे. आपल्याकडे मेलेल्या कावळ्यांविषयी किंवा बगळ्यांविषयी अशी जागरूकता अद्याप आलेली नाही.

आणि वाघ. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये एच५एन१ असल्याचे सांगितले. खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीच्या मांसाकडे संशयाचे बोट वळले. त्याच जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले आणि तेथेही तोच विषाणू निघाला. अमेरिकेत मार्च २०२४ पासून तो दुभत्या गायींच्या कासेत शिरला, आणि गोठ्यातील कच्चे दूध प्यालेली मांजरे मेली. २००६ मध्ये आपण ज्याला कोंबड्यांचा रोग समजत होतो, तो आता सस्तन प्राण्यांत घर करू पाहत आहे. नवापूरलाही तो विसरला नाही. २०२१ च्या आरंभी तेथील शेडमध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला आणि पुन्हा लक्षावधी पक्षी मारावे लागले.

माणसांचे काय? २००३ पासून जगभर एच५एन१ चे नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आहेत आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास दगावले. भारतात बरीच वर्षे ही पाटी कोरी होती. जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एक अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत मरण पावला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील पलनाडू जिल्ह्यात दोन वर्षांचे बालक गेले. घरी मांस चिरताना त्याला कच्च्या कोंबडीचा तुकडा दिला गेला होता, असे तपासात पुढे आले. माणसापासून माणसाला हा रोग अद्याप सहजी लागत नाही, ही दिलाशाची बाब आहे. परंतु तुरळक रुग्ण कोठेही निघू शकतो, आणि तो निघेल तेव्हा त्याच्या कपाळावर काही लिहिलेले नसेल. तो साधा वातश्लैष्मिक ज्वर म्हणून आपल्या बाकावर येऊन बसेल.

दवाखान्यात

म्हणून ज्वराच्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारण्याची सवय वैद्यांनी लावून घ्यावी : गेल्या दहा दिवसांत घरी किंवा शेजारी कोंबड्या, पक्षी, गुरे मेली काय? उत्तर होकारार्थी आले, तर दुसरा प्रश्न : त्या कोणी सोलल्या, पिसे कोणी काढली, खुराडे कोणी झाडले? या कामांत हात बहुधा घरातील बाईचे असतात आणि शेजारी मुले खेळत असतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते पाच दिवस जातात, क्वचित अधिक. तीव्र ताप, अंगदुखी, कोरडा खोकला यांनी आरंभ होतो. काहींत अतिसार, काहींत डोळे लाल होणे. अल्पावधीत श्वासाचा वेग वाढला, तर तो तमक नव्हे आणि कफप्रधान कासही नव्हे. तेथे औषधयोजनेचा विचार करीत बसू नये. ऑसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधक औषध लक्षणे सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वाधिक असतो. आपण सात दिवसांचा काढा बांधून दिला, तर आपण रुग्णाचे नेमके तेच अठ्ठेचाळीस तास खर्च केले, असा त्याचा अर्थ होईल. अशा रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठविताना चिठ्ठीवर पक्ष्यांच्या मरतुकीचा उल्लेख ठळकपणे करावा. पुढच्या वैद्यकाला तो एक उल्लेख सर्व काही सांगतो.

हे लिहिताना काही सहव्यवसायींची नाराजी आम्हांस दिसते. आपल्या शास्त्रात ज्वरचिकित्सा इतकी समृद्ध असताना रुग्ण दुसऱ्याच्या हवाली का करावा? आमचे उत्तर सुश्रुताचार्यांच्या कल्पस्थानात आहे. पिसाळलेला कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल आणि वाघ यांच्या दंशाचे वर्णन तेथे येते. दंश झालेल्या रोग्याला पाण्यात किंवा आरशात तो प्राणी दिसू लागला, पाण्याचे नाव काढताच तो भिऊ लागला, तर तो वाचत नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. वन्य श्वापदांपासून माणसाला होणाऱ्या रोगाची इतकी अचूक नोंद आणि त्याबरोबर असाध्यतेची इतकी प्रामाणिक कबुली, हीच आपली परंपरा आहे. आज दंशानंतर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुऊन, वेळेवर लस आणि आवश्यक तेथे प्रतिरक्त देऊन जलत्रास टाळता येतो. तरी सातपुड्याच्या पायथ्याशी कुत्रा चावलेल्या मुलाला मुळी उगाळून देणारे आणि जखमेवर मिरची भरणारे लोक आजही आहेत, आणि त्यांतील काही जण स्वतःस वैद्य म्हणवितात. असे कोणी आपल्या परिचयाचे असतील तर त्यांना समजवावे. न ऐकल्यास त्यांची भीड ठेवू नये.

संसर्गाच्या मार्गांविषयी तर सुश्रुताचार्यांनी आपल्याला काहीच शिल्लक ठेवलेले नाही. निदानस्थानात औपसर्गिक रोगांच्या संदर्भात गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे-निजणे, दुसऱ्याची वस्त्रे-माला वापरणे यांतून ज्वर, शोष, कुष्ठ, नेत्राभिष्यंद एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे त्यांनी सांगितले आहे. मुखपट्टी, हात धुणे आणि वेगळे निजविणे यांचा आधार रुग्णाला समजावून सांगताना हा संदर्भ फार उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे. सरकारी पत्रकाला नाक मुरडणारी म्हातारी शास्त्रातले आहे म्हटल्यावर ऐकते.

आहाराविषयीही लोक आपल्यालाच विचारतात. साथीच्या बातमीने कोंबडी-अंड्यांचे भाव कोसळतात, आणि दोन महिन्यांनी सगळे विसरले जाते. नीट शिजविलेले मांस व पूर्ण उकडलेली अंडी यांतून हा रोग होत नाही, कारण सत्तर अंश उष्णतेला विषाणू टिकत नाही. धोका शिजविण्याच्या आधीच्या टप्प्यात आहे : पकडणे, कापणे, पिसे काढणे, आतडी उपसणे. अर्धकच्चे अंडे आणि न तापविलेले दूध वर्ज्य करावे. आजारी पक्षी कापून खाऊ नये, हे मात्र दरडावून सांगावे लागते.

मेलेला पक्षी दिसल्यास काय करावे? हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. कुत्र्या-मांजरांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नये. पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तपासणीसाठी कोणी येईपर्यंत पक्षी उघड्यावर फेकू नये. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा २००९ पासून आहे, आणि त्याने अशा रोगाची शंका आल्यास कळविण्याचे कर्तव्य जनावरांच्या धन्यावर टाकले आहे. आपल्यावर ते अक्षरशः येत नसले तरी धनी आपल्याला विचारतो, आणि पुष्कळदा आपण सांगू तेच करतो.

येथे एक अडचण मान्य करावयास हवी. कळविले की पथक येणार, धडधाकट कोंबड्याही मारणार, भरपाई कधी मिळेल ते सांगता येत नाही. ज्या बाईच्या दहा कोंबड्या हीच तिची ठेव आहे, ती डालगे घरात लपविणारच. तिला धाक दाखवून काही साधत नाही. पंचनामा होताना आपण शेजारी उभे राहिलो, पक्ष्यांची संख्या नीट लिहिली जाते की नाही ते पाहिले, भरपाईच्या अर्जाला मदत केली, तर पुढच्या खेपेला ती स्वतः येऊन सांगेल. हे वैद्यकीय काम नव्हे, असे कोणी म्हणेल. तेच सर्वांत मोठे वैद्यकीय काम ठरेल, असे आम्हांस वाटते.

गुरांची साथ आणि आपला पाला

२०२२ च्या लम्पी साथीत राज्यातील पहिली नोंद ४ ऑगस्ट रोजी रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली. हा रोग माणसाला होत नाही. तरीही दूध प्यावे की नाही, या प्रश्नाने कित्येक दवाखाने भरून गेले. त्या वेळी आपल्या व्यवसायाला एक चांगली संधी मिळाली आणि तिचा काहींनी सदुपयोग केला. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुचिकित्सेतील योग प्रसृत केले होते. पोटात देण्यासाठी विड्याची पाने, मिरे, मीठ आणि गूळ. गाठी फुटून झालेल्या जखमांवर लावण्यासाठी कुप्पी, लसूण, कडुनिंब, हळद, मेंदी व तुळस तेलात सिद्ध करून. जखमेत किडे पडू नयेत आणि माशा बसू नयेत, यासाठी हे लेप उपयोगी आहेत. परंतु साथ आटोक्यात आणणारे साधन शेळीच्या देवीची लस हेच होते, हे विसरता कामा नये. लेप आणि लस यांत स्पर्धा लावणाऱ्यांनी गुरांचे नुकसानच केले.

शेडमध्ये धूपन करावे काय, असेही विचारले जाते. ज्वरचिकित्सेतील अपराजित धूप आपण सर्व जण जाणतो. माशा-डास कमी होण्यासाठी गोठ्यात सौम्य धूपन करण्यास हरकत नाही. कोंबड्यांच्या बंदिस्त शेडमध्ये मात्र दाट धूर केल्यास पक्षी गुदमरतील. आणि बाधित शेडचे धूपन केले म्हणून ते शुद्ध झाले, असे प्रमाणपत्र आपण कधीही देऊ नये. तेथे चुना, रासायनिक निर्जंतुकीकरण आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत शेड रिकामे ठेवणे यांस पर्याय नाही.

औषधी दुकानदारांसाठी

जनपदोध्वंसाच्या अध्यायात आत्रेयांनी अग्निवेशाला आरंभीच एक व्यावहारिक आज्ञा दिली आहे, ती आमच्या दुकानदार बंधूंनी ध्यानी घ्यावी. उध्वंस होण्यापूर्वी, भूमीचा रस जाण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवा, कारण नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक, प्रभाव राहत नाहीत. साथीच्या चिकित्सेत त्यांनी पंचकर्म आणि रसायनाबरोबर आधी उद्धृत केलेल्या औषधींचा उल्लेख केला आहे. २०२० मध्ये आपण याच्या नेमके उलट केले. साथ आल्यावर गुळवेलीच्या मागे धावलो. मागणी वाढली, भाव चढले, आणि कोवळ्या, ओल्या, अवेळी तोडलेल्या वेलींचे चूर्ण बाजारात आले. तेवढ्यावर थांबले नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीची भेसळ झाल्याची शंका पुढे आली, यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईत नोंदले गेले, आणि खरी गुळवेल व ती दुसरी वेल यांतील भेद आयुष मंत्रालयाला जाहीरपणे समजावून सांगावा लागला. एका दिव्य औषधीच्या नावाला लागलेला तो डाग पुसण्यास किती वर्षे लागतील, कोण जाणे.

त्याच अध्यायात अधर्माचे मूळ सांगताना आचार्य प्रथम देश-नगरांच्या प्रमुखांवर दोष ठेवतात. परंतु तो अधर्म वाढविणाऱ्यांत व्यापारावर उपजीविका करणाऱ्यांचे नाव घेण्यास ते कचरत नाहीत. बर्ड फ्लूवर रामबाण अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराने तो भाग एकदा वाचावा. १९५४ चा जादूई उपायांविरुद्धचा कायदा त्यानंतर वाचला तरी चालेल.

दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते, जी दवाखान्यात दिसत नाही. एखाद्या पाड्यावरील माणसे एकाच आठवड्यात तापाच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट नेऊ लागली, तर ती बातमी आहे. विक्रीच्या वहीत गावाचे नाव लिहिण्यास चार अक्षरे लागतात. ते लिहावे, आणि असा उठाव दिसताच गावच्या वैद्याला व प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा. शंका खोटी ठरली तर कोणाचे काही बिघडत नाही.

गुळवेल, भुईरिंगणी, अडुळसा ही द्रव्ये आपल्याच शिवारात उगवतात. परिपक्व, कडुनिंबावर चढलेली, अंगठ्याएवढी जाड गुळवेल ओळखीच्या संग्राहकाकडून योग्य ऋतूत घ्यावी, सावलीत वाळवावी, पोत्यावर स्थान व महिना लिहावा. ओळख पटविण्यासाठी प्रत्येक खेपेचा एक तुकडा बरणीत जपून ठेवावा. जुने चूर्ण साथ येईपर्यंत सांभाळू नये. काष्ठ स्वरूपात ठेवून गरजेप्रमाणे कुटावे.

दिवाळीनंतर हतनूर धरणाच्या फुगवट्यावर आणि अनेरच्या पाण्यावर परदेशी बदके उतरू लागतात. पक्षिमित्र दरवर्षी त्यांची गणना करतात. विषाणू या पाहुण्यांनी आणला की शेडमधून शेडमध्ये नेल्या जाणाऱ्या पिल्लांनी, खाद्याच्या पोत्यांनी आणि अंड्यांच्या ट्रेंनी तो पसरविला, हा वाद २००६ पासून चालू आहे. आमच्या मते माणसाच्या वाहतुकीचा दोष पक्ष्यांच्या माथी मारण्याची आपल्याला फार घाई असते. तरी धरणाकाठच्या गावांतील वैद्यांनी पक्षिमित्रांशी ओळख ठेवावी. पाण्यावर मेलेली बदके त्यांना आपल्याआधी दिसतील. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दवाखान्याच्या नोंदवहीत ज्वराच्या रकान्याशेजारी पशुपक्षी असा एक रकाना आखावा, आणि रुग्णाने काही सांगितले नाही तरी तेथे 'विचारले, नाही' एवढे लिहावे.